"वय झालं" म्हणजे नेमकं काय झालं? (रुग्णसेवा शिकणाऱ्यांसाठी आणि घरी म्हातारं माणूस असलेल्यांसाठी)

गिरणाकाठची | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावकडची, सध्या जळगावात राहून जनरल ड्युटी असिस्टंटचा (दवाखान्यात रुग्णाची रोजची सेवा करणाऱ्या मदतनीसाचा) कोर्स करतेय. शरीरातल्या संस्था आणि म्हातारपणात त्यांत होणारे बदल, हा भाग चालू आहे. त्वचा, हाडं, स्नायू, रक्ताभिसरण, श्वसन, पचन, उत्सर्जन, चेतासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी… प्रत्येकाखाली एक यादी, आणि सगळ्या याद्यांत शब्द दोनच: "कमी होते" आणि "मंदावते". पाठ केलं की दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचं वाक्य फुफ्फुसाला चिकटलेलं असतं.

पण विचारायचं आहे ते वेगळंच. प्रॅक्टिकलला वॉर्डात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. दोन दिवस माझ्याशी छान बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी गप्प. त्रास काही नाही, कण्हणं नाही, नुसत्या पडून. घास तोंडात तसाच धरून ठेवायच्या. मी एका सिनियर मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वय झालं गं, असंच असतं त्यांचं." मला ते पटलंही! माझ्या वहीत लिहिलेलंच होतं ना, "म्हातारपणी प्रतिसाद मंदावतो." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, तर लघवीत इन्फेक्शन निघालं.

तेव्हापासून डोक्यात तेच. वयामुळे झालेलं कुठलं आणि आजारामुळे झालेलं कुठलं, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? आम्ही काही डॉक्टर नाही.

उधना_लोकल | सोमवार, रात्री १०.१५

वाचतोय. मी मूळचा शहाद्याकडचा, सुरतला घरी जाऊन पेशंट सांभाळतो, ९ वर्षं झाली. कोर्स वगैरे काही नाही, एका पेशंटनं शिकवलं ते दुसऱ्याला वापरलं. या प्रश्नाचं नीट उत्तर कुणी दिलं तर मलाही हवंय.

सेवानिवृत्त_सिस्टर | सोमवार, रात्री ११.०५

पोरी, आधी एक. पेशंटचं वय, गाव, वॉर्ड नंबर असलं काही इथं कधी लिहू नकोस. आता लिहिलेलं नाहीस, चांगलं केलंस, पुढेही लिहू नकोस.

मी धुळे जिल्ह्यात ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली निम्मी स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात सांगते: वय हळू येतं. वर्षावर्षानं येतं. सोमवारी नव्हतं आणि मंगळवारी सकाळी आलं, असं वयाचं होत नाही. म्हणून जे दोन-तीन दिवसांत किंवा दोन-तीन तासांत बदललं, ते वय नव्हे. ते दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधायला वरच्यांना सांगायचं. काय आहे ते तू ओळखायचं नाहीस. बदललंय, एवढंच तुझ्या हातात, पण ते तुझ्याइतकं कुणाला दिसत नाही. डॉक्टर राऊंडला पाच मिनिटं येतात, तू आठ तास असतेस.

तुझ्या आजींना जे झालं त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. अचानक आलेला भ्रम. तो अचानक येतो, दिवसात कमीजास्त होतो आणि संध्याकाळी बहुतेक वाढतो. भ्रम म्हटलं की लोकांना आरडाओरडा, सलाईन ओढणं, उठून पळणं आठवतं. तसा असला तर सगळे धावतात. पण म्हाताऱ्या माणसांत गप्प प्रकारच जास्त, आणि तोच सुटतो, कारण गप्प पेशंटची कुणाची तक्रार नसते. उलट "आज आजी शहाण्यासारख्या पडून आहेत" म्हणून आपण खूश.

कारणं ढिगानं. लघवीतलं किंवा छातीतलं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, रक्तातलं मीठ म्हणजे सोडियम उतरणं, नवीन सुरू झालेली गोळी, दुखणं, तुंबलेली लघवी, आठ दिवसांची बद्धकोष्ठता. चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलं तरी त्यानं भर पडते.

आणि ताप नाही म्हणून निवांत राहू नकोस. म्हाताऱ्यांचं अंग मुळात थोडं गारच असतं. जिचं रोजचं ९७ आहे तिचं ९९ झालं, तर तिच्यापुरता तो ताप धरायचा. थर्मामीटर १०० दाखवायची वाट बघायची नाही.

बाकी उद्या. डोळे मिटताहेत.

पाटचारी | सोमवार, रात्री ११.२०

वाचनखूण साठवली. ताई, उद्या नक्की लिहा.

भरीतवाला | मंगळवार, सकाळी ७.३०

सगळं बरोबर असेल, पण एक सांगतो, राग मानू नका. आमच्या मोठ्या मायनं कुठलाही कोर्स न करता घरातले चार म्हातारे शेवटपर्यंत सांभाळले. संस्था-बिंस्था काही माहीत नव्हतं. माया असली की सगळं जमतं भो. आणि पाठ लाल झाली की तिळाचं तेल कोमट करून रगडून लावायची, जखम व्हायची नाही. आता हवेच्या गाद्या आणि क्रीम आणा म्हणतात, नुसता धंदा.

सेवानिवृत्त_सिस्टर | मंगळवार, सकाळी ८.१०

भरीतवाले भाऊ, माया लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते रगडणं थांबवा, अगदी हात जोडून सांगते.

म्हातारपणी कातडी पातळ होते. तिचे वरचा आणि खालचा असे दोन थर एकमेकांना घट्ट धरून असतात, ती पकड सैल होते. खालची चरबीची गादी विरते, बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर तर हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. माणूस एका कुशीवर पडून राहिला की हाड आतून आणि गादी बाहेरून दाबते, मधल्या मासाचं रक्त अडतं. वर लाली दिसते तेव्हा आत मार बसलेला असतो. त्यावर रगडलं की उरल्यासुरल्या वाहिन्याही फाटतात. तेल लावायचं तर आजूबाजूच्या चांगल्या कातडीला, हलक्या हातानं. लाल जागेवर नाही.

तुमच्या मायच्या हातून जखमा झाल्या नाहीत, त्याचं कारण मला वेगळं वाटतं. ती दिवसातून दहा वेळा त्यांना उठवत-बसवत असणार. श्रेय त्याचं, गेलं तेलाला.

भरीतवाला | मंगळवार, सकाळी ८.४०

उठवायची खरं. दर थोड्या वेळानं "चला आबा, उन्हं सरकली" म्हणून बाज सावलीत ओढायची, तेव्हा ते उठून उभे राहायचे. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

उधना_लोकल | मंगळवार, दुपारी १.५५

पाठीच्या जखमेवरून माझी चूक सांगतो. पाच वर्षांपूर्वीचा पेशंट, लकवा झालेले काका. मी दर दोन तासांनी कूस बदलायचो, मोबाइलवर गजर लावून. पाठ आरशासारखी स्वच्छ. डॉक्टर पाहून खूश. आणि एक दिवस मोजा काढला तर डावी टाच काळी पडलेली. मोजे थंडीसाठी घातलेले, आठवडाभर टाच बघितलीच नव्हती. लकव्याच्या बाजूला त्यांना दुखत नव्हतं, म्हणून ते बोललेही नाहीत. ती जखम भरायला चार महिने गेले. घरच्यांनी मला काढलं नाही, पण काकूंनी त्यानंतर माझ्याशी नीट बोलणं सोडलं. बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून पोटऱ्यांखाली उशी, टाच हवेत. गोल रिंगवाली उशी नाही, ती कडेनं रक्त अडवते. डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी, कोपर आणि ऑक्सिजनची नळी कानामागे जाते ती जागा, सगळं रोज बघायचं. पेशंट खाली घसरला की ओढून वर घ्यायचा नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचा. ओढताना कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं, आत चिरडतं.

पुस्तकात "लाल डाग" लिहितात, पण आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाल दिसतच नाही. जांभळट दिसतं, नाहीतर काहीच दिसत नाही. बोट लावून बघायचं. शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, कडक आहे का, भिजल्या पिठासारखी मऊ आहे का. ज्यांची लाली दिसते त्यांच्यात बोटानं दाबून सोडायचं, पांढरं झालं नाही तर सांगायचं.

गिरणाकाठची | मंगळवार, दुपारी २.३०

दादा, तुम्ही म्हणता तुमचा कोर्स नाही! हे मला एकाही तासाला कुणी सांगितलं नाही.

फिजिओ_धरणगाव | मंगळवार, रात्री ८.२०

चांगला धागा. हाडं आणि स्नायू माझ्या खात्यातले, म्हणून थोडं.

स्नायू तिशीनंतरच उतरायला लागतात, दर १० वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के. साठीनंतर वेग वाढतो. हाडांचं गणित बायकांमध्ये पाळी गेल्यावर बिघडतं. हाड रोज थोडं मोडतं आणि थोडं बांधलं जातं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन गेलं की मोडणं बांधण्याच्या पुढे जातं. मणके दबतात, मधल्या चकत्या चपट्या होतात, उंची खरोखर कमी होते. आजी वाकल्या म्हणून ठेंगण्या दिसतात असं नाही.

पण मला रोज छळतं ते वय नाही, "आराम करू द्या त्यांना" हे वाक्य छळतं. तरुण माणूस आठ दिवस झोपला तर उठून पुन्हा चालतो. पंचाहत्तरीतला माणूस झोपला तर मांडीचं गेलेलं मास परत मिळवताना महिने जातात, कधी मिळतच नाही. घरचे सून-मुलगे मायेनं पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात आणि महिनाभरानं माझ्याकडे आणतात, "बाबा आता उठतच नाहीत, वय झालं." वय नाही हो, महिनाभर तुम्ही उठू दिलं नाही. जे त्यांना जमतं ते त्यांनाच करू द्यावं. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत.

उठवताना मात्र घाई नको. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं, लगेच वाहिन्या आवळतात आणि डोक्याला रक्त पोचतं. म्हातारपणी ही यंत्रणा उशिरा जागी होते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं ब्लड प्रेशर २० नं किंवा खालचं १० नं उतरलं तर ते नोंदवायचं. आधी कुशीवर, मग कडेला पाय सोडून बसवायचं, पाऊल वरखाली हलवायला लावायचं, एक-दोन मिनिटांनी विचारायचं, गरगरतंय का. मगच उभं. जेवणानंतरही प्रेशर उतरतं, तेव्हा ताटावरून थेट मोरीकडे नको. झोळ पडलेल्या खाटेवरून तर धडधाकट माणसालाही उठता येत नाही, तिच्यावर फळी टाका.

केळीबाग | मंगळवार, रात्री ९.१५

रावेरहून. आमच्या वडिलांना (७४) डॉक्टरांनी किडनी कमजोर सांगितली आणि केळी बंद केली. घरात बाग, आयुष्यभर सकाळी दोन केळी खाल्लेला माणूस. ते म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, केळं थंड असतं. पोट साफ होत नाही म्हणून आई चोरून देते. एखाद्यानं काय होणार आहे?

डायलिसिसवाला | मंगळवार, रात्री १०.००

दादा, चोरून देऊ नका. मी डायलिसिस विभागात टेक्निशियन आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर ते लघवीतून जातं, म्हणून तुम्ही-आम्ही खुशाल खावं. किडनीनं काम सोडलं की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. बहुतेकदा आधी काही जाणवतही नाही. नारळपाण्याचं तेच. लोक भेटायला येताना हमखास नारळ आणतात, आम्हाला दारातच अडवावं लागतं. "मीठ बंद" म्हणून जे दुसरं मीठ दुकानात मिळतं, त्यातही बऱ्याचदा पोटॅशियमच असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थोडं शास्त्र, धागा लावणाऱ्या ताईंसाठी. जन्मतः प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात. गेलेली गाळणी परत येत नाही. वयानं त्या कमी होतात, तरी धडधाकट म्हाताऱ्याचं त्यावर निभतं. साखर आणि ब्लड प्रेशरनं त्या लवकर जातात. आणि आपल्याकडे तिसरं एक कारण आहे, गुडघेदुखीवर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या. वर्षानुवर्षं, रोज एक. पेशंट घरी कुठल्या गोळ्या घेतो ते विचारताना उशीखाली आणि कमरेच्या पिशवीत काय आहे तेही विचारा.

केळीबाग | मंगळवार, रात्री १०.२०

ती गोळी घेतात. रोज. आईला आत्ता विचारलं.

डायलिसिसवाला | मंगळवार, रात्री १०.२५

पट्टी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. रिकामी असली तरी न्या.

सेवानिवृत्त_सिस्टर | बुधवार, दुपारी ४.००

काल सकाळनंतर यायला जमलं नाही, नातवाची शाळा.

गिरणाकाठची, तुझ्या त्या "कमी होते, मंदावते" याद्यांबद्दल. त्या खोट्या नाहीत, पण अर्ध्या आहेत. आपल्याकडची मे महिन्यातली विहीर डोळ्यांसमोर आण. घरच्या वापराला दोन-चार हंडे ओढले तर पाणी पुरतं, बघणाऱ्याला वाटतं विहीर भरलेली आहे. मोटर लावली की अर्ध्या तासात तळ. पावसाळ्यात तीच मोटर दिवसभर चालली असती. म्हातारं शरीर असं असतं. रोजच्या कामाला हृदय पुरतं, फुफ्फुसं पुरतात, किडनी पुरते. कमी झालेला असतो तो साठा. मग ताप, ऑपरेशन, दोन जुलाब, एक उन्हाची दुपार, ही मोटर लागली की सगळं एकदम कोरडं. आणि गंमत बघ, जिथं पाणी आधीच कमी तिथून तळ उघडा पडतो. इन्फेक्शन लघवीत, पण बिघडतो मेंदू. न्यूमोनिया छातीत, पण आजी पडते मोरीत. हृदयाचा झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही, साखरवाल्यांत तर बऱ्याचदा दुखत नाही. धाप लागते, घाम फुटतो, गळाल्यासारखं होतं, बस. म्हणून "आजी पडल्या" असं सांगताना, पडण्याआधी दोन दिवस कशा होत्या तेही सांगायचं.

आता ऊन. आपल्या भागात पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. म्हाताऱ्याच्या अंगात पाणीच कमी. तरुणाच्या वजनात ६० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हातारपणी ते ५० पर्यंत येतं. घाम कमी येतो, म्हणजे अंग गार करायची सोय कमी. आणि तहान लागणं कमी होतं. हे मुख्य. "पाणी हवं का?" विचारलं की ते "नको" म्हणणार आणि खोटं बोलत नसतील. म्हणून विचारायचं नाही. दर तासाला अर्धा पेला हातात द्यायचा, ताक, पन्हं, माठातलं पाणी, जे चालेल ते. फक्त हृदयाच्या किंवा किडनीच्या ज्या पेशंटला डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय, त्यांना तेवढंच.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून बघू नकोस. म्हाताऱ्याची ती तशीही सैल असते, काही कळत नाही. जीभ बघ, लघवीचा रंग बघ, किती वेळा झाली ते बघ. अंग तापलंय, १०४ च्या पुढे गेलंय आणि असंबद्ध बोलताहेत, तर तो उष्माघात. १०८ ला फोन, तोवर सावलीत आणून अंग ओलं करायचं आणि वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते छातीत जाईल.

पाटचारी | बुधवार, दुपारी ४.३०

कूलर चालतो का ताई? आमच्याकडे आजीला कूलरनं सर्दी होते म्हणून पंखाच लावतात.

सेवानिवृत्त_सिस्टर | बुधवार, दुपारी ५.१०

आपली हवा कोरडी, म्हणून कूलर उत्तम चालतो. खिडकी उघडी ठेवायची, झोत थेट अंगावर नको. खोली ४० च्या वर तापली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. लावलाच तर अंगावर ओलं फडकं ठेवून लावा.

उधना_लोकल | बुधवार, रात्री ९.४५

खाण्यावर कुणी बोललं नाही, मी बोलतो. लकव्याच्या पेशंटला घरचे दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी दुधात कुस्करून काला देतात. वाटतं मऊ आहे, चांगलं आहे. पण दूध पातळ आणि भाकरीचे गोळे वेगळे, असं तोंडात दोन प्रकारचं आलं की गिळताना गडबड होते. दूध आधी घसरतं, गोळा मागे राहतो. सगळं एकजीव घोटलेलं बरं. निव्वळ पाणी तर सगळ्यात अवघड, तेच पटकन श्वासनळीत जातं. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागला की आपण थांबतो. पण काहींना ठसका लागतच नाही, नुसता आवाज ओलसर, घोगरा होतो. तो ऐकायला शिका आणि सिस्टर-डॉक्टरांना सांगा.

अजून एक. "जेवण अळणी आहे" म्हणून म्हातारे चिडतात, सून रडकुंडीला येते. सुनेचं मीठ बरोबर असतं. वास कमी येतो म्हणून चव लागत नाही. मीठ वाढवण्यापेक्षा लिंबू, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी.

भरीतवाला | बुधवार, रात्री १०.००

शेवभाजीची तर्री चालंल का? 😀

उधना_लोकल | बुधवार, रात्री १०.०५

तुम्हाला चालंल. आबांना नको.

अहिराणी_माय | गुरुवार, सकाळी १०.३०

मी धुळे तालुक्यातली, आशा कार्यकर्ती. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावच्या एका आजींना बाहेरच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. तिथली स्टाफची मुलगी दुसऱ्या भागातली. तिनं कागदावर लिहिलं, "पेशंट असंबद्ध बोलते." मी भेटायला गेले तर आजी म्हणताहेत, "माले काही व्हयेल नही, माले घर जावानं शे." म्हणजे मला काही झालेलं नाही, मला घरी जायचंय. यात असंबद्ध काय? आजी अहिराणी बोलत होत्या. त्या मुलीला कळत नव्हतं, एवढंच. उलटंही होतं. खरंच भ्रम झालेली बाई अहिराणीत काहीबाही बोलते आणि स्टाफला वाटतं, गावाकडची भाषा आहे.

शिवाय भान तपासायला विचारतात, "आज तारीख काय? पंतप्रधान कोण?" जिनं कधी कॅलेंडर बघितलं नाही ती काय सांगणार? मी विचारते, आज बाजार कुठला? एकादशी झाली का? नातसुनेचं माहेर कोणतं? ज्या दिवशी बाजाराचा वार चुकतो, त्या दिवशी मी कान टवकारते. आणि सोबतच्या माणसाला विचारते, "या नेहमी अशाच बोलतात का?" या एका प्रश्नानं निम्मं काम होतं.

आणि कानाजवळ ओरडू नका. म्हातारपणी आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. "स", "श", "फ", "त" सुटतात, शब्दांचे नुसते आवाज उरतात. ओरडलं की बाईचा आवाज अजून उंच चढतो, म्हणजे अजून ऐकू येत नाही, आणि चेहरा रागावलेला दिसतो. समोर बसा, तोंडावर उजेड घ्या, जाड आवाजात सावकाश बोला. कधी कधी तर नुसता मळ साठलेला असतो. तो आपण काडीनं काढायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

सेवानिवृत्त_सिस्टर | गुरुवार, सकाळी ११.१५

हे मी ३४ वर्षांत कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं नाही. बाजाराचा वार! वा.

गिरणाकाठची | गुरुवार, रात्री ९.००

सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवली. जुनी पानं फाडली नाहीत, परीक्षेला तीच लागतील, पण प्रत्येक संस्थेसमोर एक रकाना वाढवलाय, "अचानक झालं तर सांग."

एक शंका राहिली. म्हातारी माणसं रात्री चार-चार वेळा लघवीला का उठतात? पुस्तकात "मूत्राशयाची क्षमता कमी होते" एवढंच आहे. मग दिवसा इतकं का नाही?

सेवानिवृत्त_सिस्टर | गुरुवार, रात्री ९.४०

चांगला प्रश्न. पिशवी लहान होते हे खरं, पुरुषांत प्रोस्टेटही वाढलेली असते. पण दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी पायांत उतरतं. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ दिसतो ना, ते. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि किडनी ते गाळते. म्हणून दुपारी तासभर पाय उंच करून झोपवलं तर रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. लघवीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. स्वतः वेळ बदलायची नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी तोडतात, ते मात्र चूक.

आणि अंथरुणात लघवी होणं हे वय नव्हे. त्याला कारण असतं आणि बऱ्याचदा उपाय असतो. आधी पेशंट कधी जातो ते दोन दिवस लिहून ठेव, त्याच्या थोडं आधी उठवून ने. डायपर सगळ्यात शेवटी. तसंच, आठ दिवस संडास नाही आणि मग एकदम पातळ गळायला लागलं, तर त्याला जुलाब समजू नकोस. वर खडा अडकलेला असतो आणि बाजूनं पाणी झिरपतं. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की झालंच.

केळीबाग | शुक्रवार, दुपारी १.२०

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी बंद केली, रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. वडील रागावलेत, आईशी बोलत नाहीत. पोट साफ व्हायला वेगळं औषध दिलंय.

गिरणाकाठची | शनिवार, सकाळी ८.१५

काकू, आज पहिल्यांदा नोंद स्वतः लिहिली. नाव-गाव काही टाकत नाही. बघा बरोबर आहे का:

"सकाळी ७.४०. चहा अर्धा कप, रोज पूर्ण घेतात. हाक मारल्यावर डोळे उघडले, नाव सांगितलं. बाजाराचा वार काल बरोबर सांगितला होता, आज चुकला. रात्रीपासून लघवी एकदाच, गडद. अंग ९८.८, कालपर्यंत ९७. डाव्या टाचेवर जांभळट डाग, शेजारपेक्षा गरम."

सेवानिवृत्त_सिस्टर | शनिवार, सकाळी ८.२०

गडद लिहिलंस, किती ते लिहिलं नाहीस. भांडं मोजून घे. आणि हे इथं काय टाकतेस, ड्युटीवरच्या सिस्टरला सांगितलंस का?

गिरणाकाठची | शनिवार, सकाळी ८.२२

सांगूनच आले काकू. डॉक्टरांना फोन लावलाय त्यांनी. टाचेखालची उशी मी आधीच काढून पोटरीखाली ठेवली. भांडं आणायला जाते.